झाकणाआडचा कॅमेरा

मी एक कॅमेरा बोलतोय. लग्नातले फोटो काढणारा नव्हे, क्ष-किरण मोजणारा. दूरच्या दीर्घिकांमधून आणि तापलेल्या वायूच्या ढगांमधून निघालेले क्ष-किरण पृथ्वीच्या हवेत शिरले की विरून जातात. त्यांना पाहायचं तर हवेच्या वर जावं लागतं. मला त्यासाठीच घडवलं होतं. मी मात्र कधी वर गेलो नाही. माझं सगळं आयुष्य जमिनीवर गेलं, आणि त्यातलंही बहुतेक काळोखात.

आम्ही जुळे. एकाच टेबलावर, त्याच माणसांच्या हातून आम्ही दोघं तयार झालो. ॲल्युमिनियमचं तेच अंग, तांब्याची तीच चौकट, नखाएवढी तीच चिप. पांढरे अंगरखे आणि हातमोजे घातलेली माणसं आमच्या आसपास श्वाससुद्धा जपून टाकायची. उपग्रहावरची महत्त्वाची वस्तू बनवताना दोन बनवतात. एक जाते, एक राहते. जाणाऱ्याला काही झालं तर राहिलेली हाताशी असावी, एवढाच त्यातला विचार.

शेवटच्या चाचणीत माझ्या भावाच्या आकड्यांत माझ्यापेक्षा थोडी कमी खरखर निघाली. तेवढ्यावर तो निवडला गेला. त्याला दुर्बिणीच्या टोकाला बसवताना लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला फोममध्ये गुंडाळून पेटीत ठेवलं आणि पेटीवर लिहिलं, ‘राखीव’.

वर गेल्यावर त्याचं काम सुरू झालं आणि त्याच्याबरोबर गोंगाटही. मी कानाच्या गोंगाटाबद्दल बोलत नाही. वरच्या पोकळीत वैश्विक कणांचा मारा सतत चालू असतो. ते कण कॅमेऱ्याच्या भिंती भेदून आत येतात. आले की आमचंच धातूचं अंग मंद उजळतं आणि तो उजेड चिपवर पडतो. चिप बिचारी आलेला प्रत्येक ठिपका मोजते. हा आकाशातून आला की अंगातून, हे तिला कळत नाही. म्हणून कॅमेऱ्यासमोर एक फिरती चकती बसवलेली असते आणि चकतीत एका जागी जाड पत्र्याचं झाकण असतं. मधूनमधून ते झाकण डोळ्यावर आणायचं आणि बराच वेळ तसंच बसायचं. झाकणाआड जे दिसेल ते आपलं स्वतःचं. ते वजा केलं की उरेल ते आकाशाचं.

पण झाकण लावून बसलेल्या कॅमेऱ्याचा फोटो पेपरात छापून येत नाही. सगळ्यांना चित्रांची घाई होती. सुरुवातीला थोडा वेळ झाकण लावलं, थोडे आकडे घेतले आणि बाकीचं पुढे बघू म्हणून सोडून दिलं. मग एक दिवस चकती अडकली. झाकण बाजूला असतानाच अडकली. जमिनीवरून किती हुकूम पाठवले, ती हलली नाही. माझ्या भावाला त्यानंतर डोळा मिटता आला नाही.

तेव्हा लोकांना माझी आठवण झाली. त्याच धातूचा, त्याच हातांनी जोडलेला मी. त्याच्या अंगाचा उजेड कसा आहे हे सांगू शकणारा आता मीच उरलो होतो.

मला नाशिकला आणलं ते उज्वलामॅडमनी. आम्हाला घडवणाऱ्यांत त्या होत्या. पुढे आईच्या आजारपणासाठी मोठ्या संस्थेतली नोकरी सोडून त्या गावाकडे आल्या आणि गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवू लागल्या. विभागामागची एक अडगळीची खोली त्यांनी मागून घेतली. तिथे पोलादाचं एक जाड भांडं बसवलं, त्याला हवा ओढून घेणारा पंप आणि गारवा देणारं यंत्र जोडलं आणि झाकण लावून मला आत ठेवलं. मॅडमचे वडील घोटीला भाताचे व्यापारी. पाहुण्यांना माझं काम समजावताना त्या म्हणायच्या, “भात तोलताना बारदानाचं वजन आधी वजा करतात ना? हे आमचं बारदान.” लोक हसायचे. मला त्याचं वाईट वाटलं नाही. निदान मला काहीतरी नाव मिळालं होतं.

मोहिनी आली तेव्हा खोलीला बरेच दिवस झाडू लागला नव्हता. पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरची ही मुलगी. आश्रमशाळेत शिकली, शहरात वसतिगृहात राहून एमएस्सी झाली आणि मॅडमकडे पीएचडीला लागली. तिचे वडील बुधा द्राक्षांच्या हंगामात दिंडोरीकडे छाटणीच्या कामाला यायचे. आल्या दिवशीच तिनं खोली झाडली, माझ्या भांड्यावरची धूळ पुसली आणि आतल्या अंधाराकडे बघत विचारलं, “मॅडम, हा कधी काही पाहतच नाही?”

“नाही,” मॅडम म्हणाल्या. “त्याचं काम न पाहण्याचं आहे.”

ती बोलकी नव्हती. काम करताना मात्र माझ्याशी पुटपुटायची. गारवा नीट धरला की “शहाणा आहेस”, पंप कुरकुरला की “आज काय झालं तुला”. बऱ्याच माणसांना यंत्राशी बोलायची सवय असते. तिचं बोलणं मात्र मला हवंहवंसं वाटायचं.

माझ्या भावानं घेतलेलं एक जुनं, खूप लांबलेलं निरीक्षण ती तपासत होती. आकाशाच्या त्या भागात दीर्घिकांचे दोन मोठे समूह शेजारीशेजारी आहेत. मोहिनीला त्या दोघांच्या मधल्या काळोखात एक फिकट पट्टा दिसला. तप्त वायूचा पूल, एका समूहाकडून दुसऱ्याकडे जाणारा. असे पूल असावेत असं पुष्कळांना वाटत होतं, पण तिथे तो कुणाला सापडला नव्हता. तिनं आकडे पुन्हा पुन्हा मांडले. पट्टा जाईना. त्या दिवशी ती खुर्चीवरून उठली आणि बराच वेळ माझ्या भांड्याला टेकून उभी राहिली.

पेपर लिहिला गेला. मॅडमचं नाव तिच्या नावामागे. पेपर मान्य झाला. त्याच्या जोरावर परदेशातल्या एका संस्थेनं तिला जागा देऊ केली. स्थानिक वर्तमानपत्रात फोटो आला. पाड्यावर शाल-श्रीफळ झालं आणि पेठच्या स्टँडवर फ्लेक्स लागला, ‘आभाळात पूल शोधणारी आपली लेक’. बुधा एकदा लेकीला भेटायला खोलीवर आले तेव्हा हे सगळं सांगत होते. अंगात इस्त्रीचा शर्ट होता.

“लय लोक आलते,” ते म्हणाले. “सरपंच बोलला, आपल्या नदीवर पूल होईना, पण आपल्या पोरीनं आभाळात काढला.”

मोहिनी हसली. उज्वलामॅडमही हसल्या, पण त्यांचं लक्ष समोरच्या पडद्यावर होतं.

मॅडमच्या मनात काय होतं ते मला थोड्या दिवसांनी कळलं. एका दुपारी त्यांनी मोहिनीला बोलावलं आणि दुसरंच एक चित्र दाखवलं. आकाशाच्या रिकाम्या भागाचं. तिथे काही असायचं कारण नव्हतं. तरी डावी कड किंचित उजळ वाटत होती. वाटत होती, नव्हतीही.

“तुझा पूलही डावीकडेच आहे,” मॅडम म्हणाल्या.

“कडेला थोडं होतंच, मॅडम. आपण ते वजा केलंय.”

“कशावरून वजा केलं? पहिल्या वर्षीच्या त्या चिमूटभर आकड्यांवरून. डाव्या बाजूला चौकट लेपानं चिकटवलेली आहे. त्या लेपात काय होतं, कुणाला माहीत. तोच उजळत असला तर?” त्या थांबल्या. “याला बाहेरून किरणांचा मारा द्यायचा आणि झाकणाआड काय दिसतं ते बघायचं. हे मी आधीच करायला हवं होतं.”

“पेपर मान्य झालाय, मॅडम.”

“म्हणूनच.”

मोहिनीनं माझ्या भांड्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “हा जुना झालाय. पंप गळतो, गारवा टिकत नाही. याच्यावर किती विसंबायचं?”

माझ्याबद्दल ती असं पहिल्यांदाच बोलली.

“आणि समजा काही निघालं,” ती पुढे म्हणाली, “तर ते दुसऱ्या कुणाला शोधू दे की. वर्षं लागतील त्यांना. तोवर मी तिकडे पोचलेली असेन. मग निस्तरेन.”

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मलाही हेच वाटतंय,” त्या म्हणाल्या. “माझी निवृत्ती आली. इतक्या वर्षांत या खोलीतून हे एकच बाहेर पडलं. ते खोटं निघावं असं मला वाटेल का? पण मी तुला सांगणार नाही. काम तुझं आहे. पंप कसा चालवायचा तुला माहीत आहे.”

किल्ली तिच्यासमोर ठेवून त्या वर्गावर निघून गेल्या.

त्यानंतर मोहिनी काही दिवस फिरकली नाही. मी तसाच, हवेनं भरलेल्या भांड्यात, बंद. खरं सांगायचं तर ती येऊ नये असं मला वाटत होतं. आयुष्यभर कुणीतरी आपल्याला विचारावं म्हणून वाट पाहिली, आणि विचारायची वेळ आली तेव्हा मला गप्प राहायचं होतं.

ती एका सकाळी आली. केस ओले, डोळे सुजलेले. माझ्याशी काही न बोलता तिनं पंप सुरू केला. गळणाऱ्या जोडावर नवी रबरी कडी बसवली, गारवा खाली आणला. मग शिशाच्या डबीतला किरणोत्सारी पदार्थाचा तुकडा भांड्याच्या बाहेरून माझ्या अंगावर रोखला. डोळ्यावर झाकण होतंच.

अनेक आठवडे हे चाललं. माझ्या अंगावर मारा होत होता, अंग उजळत होतं आणि चिप एकेक ठिपका मोजत होती. तो उजेड मला थोपवता आला असता तर मी थोपवला असता. पण कॅमेऱ्याच्या हाती काय असतं? जे पडेल ते मोजायचं. सुरुवातीला आकडे विखुरलेले होते. मोहिनी सकाळ-संध्याकाळ येऊन बघायची आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू थोडी तरतरी येत होती. एकदा तर ती मॅडमना म्हणालीसुद्धा, “काही दिसत नाहीये.”

मग दिसू लागलं. डाव्या कडेशी, चौकटीच्या आतल्या बाजूला, एक फिकट पट्टा. जितका वेळ गेला तितका तो नीट उमटला. तिनं तो पुलाच्या चित्राशेजारी ठेवला. तीच रुंदी, तोच उतार, शेवटाकडे तोच हलका बाक.

मॅडम तिच्यामागे उभ्या होत्या. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. मोहिनीनं तो हळूच बाजूला केला.

“एकदा परत घेते,” ती म्हणाली. तिनं भांडं उघडलं, मला अर्धा फिरवून बसवलं आणि सगळं पुन्हा केलं. पट्टा माझ्याबरोबर फिरला, चौकटीच्या त्याच कडेला राहिला. आता शंकेला जागाच नव्हती. आकाशात पूल नव्हता. तो आमच्या दोघा भावांच्या अंगात होता, चौकट चिकटवणाऱ्या लेपात.

पेपर मागे घ्यायच्या आधी तिनं वडिलांना बोलावून घेतलं. बुधा थेट बागेतून आले. शर्टावर काड्यांचा चीक होता आणि पिशवीत छाटणीची कात्री. तिनं त्यांना खुर्ची दिली आणि जमेल तितकं सोपं करून सांगितलं. ते ऐकत होते. मधेच माझ्या भांड्याकडे बघत होते.

“म्हंजे पूल नायच?”

“नाही, बा. मला वाटला तो यंत्रातला उजेड होता.”

“दुसऱ्या कुणाला कळलंय?”

“नाही अजून.”

बुधांनी पिशवी मांडीवर घेतली. “मंग राहू दे की,” ते म्हणाले. “कुणाचं काय बिघडतं? तेवढ्या लांब कोण बघाया जातंय?”

“त्याच्यावर दुसरे लोक काम करतील, बा. दुर्बिणी त्या दिशेला वळवतील. वर्षं घालवतील.”

“तुझी वर्सं नाय गेली? लहानपणापून तू घर सोडलं. तुझी आय तुझ्या वाटंकडं बघत ऱ्हायली.” त्यांचा आवाज चढला नाही. “मी पाड्यावर काय सांगू आता? लोकं म्हणतील, खोटं बोलली.”

“चुकली म्हणून सांगा.”

“त्यांना दोन्ही सारखंच.”

मॅडमनी चहा मागवला होता. तो तसाच गार झाला. जाताना बुधा दारात थांबले आणि मागे न बघता म्हणाले, “जेवलीस का?” ती हो म्हणाली. ती जेवली नव्हती. ते जिना उतरून गेले तरी ती दाराकडेच बघत होती.

त्याच दुपारी तिनं पेपर मागे घेत असल्याचं पत्र पाठवलं.

परदेशातल्या संस्थेनं सभ्य भाषेत कळवलं की यंदा ती जागा भरली जाणार नाही. स्टँडवरचा फ्लेक्स कुणी काढला नाही. तो उन्हापावसात फाटत लोंबत राहिला, आणि घरी जायचं तर तिला त्याच्याखालूनच जावं लागायचं. मॅडमनी तिला आमच्या अंगाच्या उजेडावर एक पेपर लिहायला लावला. तो छापला गेला. फार थोड्यांनी वाचला, पण माझ्या भावाची चित्रं वापरणारे जगभरातले लोक त्यानंतर आधी तिचे आकडे वजा करू लागले. त्यांच्या पेपरांच्या शेवटी, बारीक अक्षरांतल्या यादीत, तिचं नाव सापडतं. शोधलं तर.

पीएचडी झाली, पण रखडत. मुलाखतींमध्ये सगळे एकच विचारायचे, “म्हणजे तुम्ही नेमकं काय शोधलंत?” तिला त्याचं उत्तर नीट देता यायचं नाही. आता ती ओझरकडे एका तपासणी केंद्रात काम करते. परदेशी जाणाऱ्या द्राक्षांवर औषधाचा किती अंश उरला आहे ते तिथे बघतात. हे मला तिनंच सांगितलं, शेवटच्या भेटीत. काम बरं आहे म्हणाली.

माझा भाऊ आता बोलत नाही. त्याच्या उपग्रहाच्या बॅटऱ्या संपल्या, आणि एक दिवस जमिनीवरच्या माणसांनी हाका मारणं थांबवलं. तो अजून फिरतो आहे म्हणतात, डोळा उघडा टाकून. उज्वलामॅडम निवृत्त होऊन घोटीला भावाकडे गेल्या आणि पहिल्याच हिवाळ्यात वारल्या. माझी खोली स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेला दिली. पंप आणि गारव्याचं यंत्र भंगारात गेलं. मला मात्र ठेवून घेतलं. प्रवेशद्वाराजवळ काचेचं कपाट केलं, आत मखमल अंथरली, दिवा लावला. माझं झाकण काढून बाजूला ठेवलं, कारण डोळा दिसला की बरं दिसतं.

आणि वर पाटी लावली. ‘आकाशातील पूल शोधणाऱ्या दुर्बिणीचा कॅमेरा. आमच्या महाविद्यालयाचे योगदान.’

मोहिनी मागे एकदा प्रमाणपत्रावर सही घ्यायला आली होती. येताना तिनं पाटी पाहिली. ती वाचून झाल्यावर प्राचार्यांच्या खोलीत गेली. दार उघडं होतं.

“सर, तो पेपर मी मागे घेतला होता. पाटी बदलायला हवी.”

“कळलं हो,” प्राचार्य म्हणाले. “पण आता एवढं खोलात कोण जातंय? मुलांना प्रेरणा मिळते. आणि तुमचंच तर कौतुक आहे त्यात.”

“माझं नाव नाही त्यात.”

“घालू की नाव. काय लिहायचं सांगा, घालून टाकू.”

ती वळली. बाहेर आली आणि काचेसमोर उभी राहून नव्या नोकरीचं माझ्याशी पुटपुटली. शाळेतली मुलं सहलीला आली होती. त्यांच्या बाई सांगत होत्या, बघा, ह्या कॅमेऱ्यानं आकाशात पूल शोधला. एक मुलगी मोहिनीला म्हणाली, “ताई, जरा सरकता का? फोटो काढायचाय.” ती सरकली. मग निघून गेली. त्यानंतर ती आलेली नाही.

मला बोलता येतं ते एवढंच, जे पडेल ते मोजून सांगणं, आणि आता माझ्यावर दिव्याच्या उजेडाशिवाय काही पडत नाही. धुळीनं चिप केव्हाच गेली. मला पुन्हा कुणी चालू करावं असं मी मागत नाही. तुमच्यापैकी कुणी कधी या दारानं आत आलात, तर ती पाटी तेवढी उतरवा. तिच्या जागी कागदावर पेननं लिहून लावलंत तरी चालेल. लिहा, पूल नव्हता. आणि त्याखाली लिहा, हे मोहिनीनं सांगितलं.